कुत्र्याने निजावे कोठे?

मराठी घरात कुत्र्याची जागा एके काळी ठरलेली होती. दिवसा ओसरीच्या पायरीशी, उन्हाळ्यात रांजणाजवळच्या ओल्या मातीत, थंडीच्या रात्री विझलेल्या चुलीच्या उबदार राखेत आणि पावसाळ्यात गोठ्याच्या वळचणीला. घर माणसांचे होते, अंगण कुत्र्याचे होते आणि या दोहोंच्या मध्ये उंबरठा होता. तो ओलांडू पाहणाऱ्या कुत्र्याला ‘हाड’ या एका शब्दात हद्द दाखवली जाई व तेही फारसा मानापमान न मानता मागे सरे. धनगराच्या वाड्यावरचे कुत्रे तर मेंढरांच्या कडेलाच रात्र काढी. त्याने मालकाच्या घोंगडीत येऊन निजावे, तर लांडग्याला आयतेच आवतण मिळाले असते.

आज त्याच समाजातील अनेक कुटुंबांत रात्री दहाच्या सुमारास एक निराळाच वाद रंगतो. कुत्र्याने मालकाच्या गादीवर निजावे की नाही, हा तो वाद होय. मुलगी म्हणते, ते घरातलेच एक आहे. आजी विचारते, मग देवाच्या सोवळ्याचे काय? वडील म्हणतात, निजू दे, पण माझ्या बाजूला नको. आई काहीच बोलत नाही. तिच्या न बोलण्याचे कारण पुढे पाहू. आणि ज्याच्याविषयी ही चर्चा चाललेली असते, ते तोवर उशीवर डोके टेकून घोरू लागलेले असते. विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी अशा एखाद्या घरी एक रात्र मुक्काम करून पाहावा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या मनात त्याच अंथरुणावर आणखी चार पाय येतील अशी कल्पना नसावी.

हा बदल केवळ भूतदयेला भरती आल्याने घडला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याचे मोठे कारण घराच्या नकाशात आहे. शहरातील सदनिकेला ओसरी नाही, पडवी नाही, परसू नाही. दाराबाहेरची जागा सोसायटीच्या मालकीची, म्हणजे सर्वांची आणि म्हणूनच कोणाचीही नाही. तेथे कुत्रे बांधले की दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागतो. गॅलरी होती, ती काचा लावून खोलीत घेतली गेली. अशा घरात कुत्रे आणले की ‘बाहेर’ नावाची जागाच उरत नाही. ओसरीवरून ते घरात आले असे म्हणण्यापेक्षा, ओसरी नाहीशी झाली आणि ते आत राहिले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. 

त्यात पलंग ही वस्तूही मध्यमवर्गीय मराठी घरात तशी अलीकडचीच आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री अंथरुणे पडत आणि सकाळी त्यांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यात रचल्या जात. गाद्यांना अधूनमधून ऊन दाखवले जाई. जे अंथरूण दिवसा अस्तित्वातच नाही, त्यावर कुत्र्याने हक्क सांगायचा तरी कसा? आता गादी चोवीस तास पसरलेली असते, खोलीला पंखा किंवा वातानुकूलन असते, आणि घरातील माणसे मात्र कमी झालेली असतात. मुलगा बंगळुरात नाहीतर परदेशात गेला, पलंगाची एक बाजू रिकामी झाली, आणि ज्या गोष्टीला पूर्वी जागा नव्हती तिला ती सापडली.

वादात दोन्ही पक्ष संस्कृतीला साक्षीला बोलावतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाबरोबर त्याचे कुत्रे आहे. कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास युधिष्ठिराने नकार दिला. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. या साऱ्या कथा सुंदर आहेत. परंतु त्या रस्त्यावरच्या, वाटेवरच्या आणि दारातल्या करुणेच्या कथा आहेत. त्या रात्री नामदेवांनी कुत्र्याला अंथरुणात घेतले, असे कोणीही सांगितलेले नाही. उलट पक्ष श्वानस्पर्शानंतर स्नान सांगणारी वचने पुढे करतो. त्या पक्षाने मात्र जरा जपून बोलावे. ‘विटाळ’ हा शब्द या समाजाने केवळ जनावरांसाठी वापरलेला नाही. गुराढोरांना ज्या तळ्यावर मज्जाव नव्हता, त्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट फार जुनी नव्हे. तेव्हा विटाळाचा युक्तिवाद या चर्चेतून काढून टाकलेला बरा. स्वच्छतेचा तेवढा राहू द्यावा, कारण तो तपासून पाहता येतो.

माणूस आणि कुत्रे यांचा शेजार पुरातन आहे, याविषयी शंका नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात दोन माणसांबरोबर कुत्र्याचे अवशेष सापडले. काश्मीरमध्ये बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांसोबत कुत्री पुरलेली आढळली. ऑस्ट्रेलियातील आदिवासी थंड रात्री उबेसाठी डिंगो कुत्र्यांना जवळ घेऊन निजत. परंतु मरणोत्तर शेजार किंवा थंडीतील गरज यावरून आजच्या गादीचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आजच्या शय्येवरचा पुरावाच पाहिला पाहिजे आणि तो थोडाफार उपलब्ध आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ साली चाळीस निरोगी माणसांच्या व त्यांच्या कुत्र्यांच्या झोपेची सात रात्री मोजणी केली. अंथरुणावर घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेत किती टक्के वेळ गेला, हे हालचाल टिपणाऱ्या यंत्राने पाहिले गेले. कुत्रे खोलीत पण गादीखाली असेल, तर हे प्रमाण ८३ टक्के आढळले. कुत्रे गादीवर असेल, तर ८० टक्के. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे आठ तासांच्या रात्रीत सुमारे पंधरा मिनिटे. ८० टक्के ही पुरेशा चांगल्या झोपेची मर्यादा मानली जात असल्याने, कुत्र्यामुळे झोपेचा सत्यानाश होतो हे म्हणणे टिकत नाही. आणि काहीच फरक पडत नाही हेही टिकत नाही. 

पुढच्याच वर्षी, २०१८ साली, तेथील ९६२ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ५५ टक्के स्त्रियांच्या अंथरुणात किमान एक कुत्रे होते. आणि शेजारी निजणाऱ्या माणसापेक्षा कुत्र्याचा त्रास कमी होतो व सुरक्षितपणा अधिक वाटतो, असा त्यांचा अभिप्राय पडला. नवरेमंडळींनी या निष्कर्षावर विचार करावा. मात्र ज्याने कुत्रे अंथरुणात घेतलेलेच आहे, तो त्याची तक्रार कशाला करील, हेही ध्यानात घ्यावे लागते. शिवाय अमेरिकेतील शयनगृहाचा निष्कर्ष, नवरा, बायको आणि मूल असे तिघे ज्यावर आडवेतिडवे निजतात त्या येथल्या पलंगाला जसाच्या तसा लागू पडेल, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक समज हद्दपार करण्याजोगा आहे. कुत्र्याला गादीवर घेतले की ते स्वतःला कळपाचा नायक समजू लागते व मालकावर गुरगुरते, असे आवर्जून सांगितले जाते. या समजाचे मूळ बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. ज्यांच्या ग्रंथामुळे ही कल्पना पसरण्यास हातभार लागला, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली दाखवून दिले, की रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, एवढेच असते. तेथे गादीसाठी लढाई नसते. अर्थात एखादे कुत्रे गादीवरून उठवताना दात दाखवीत असेल, तर त्याला वर घेऊ नये. त्यासाठी लांडग्याच्या राज्यशास्त्राची आवश्यकता नाही.

आता आरोग्य. ब्रुनो शोमेल आणि बेन सन या दोन अभ्यासकांनी २०११ साली शयनगृहातील प्राण्यांपासून होणाऱ्या आजारांचा आढावा घेतला. असे आजार क्वचित होतात, परंतु होतात, असे त्याचे थोडक्यात सार. गोचीड, पिसवा आणि पोटातील जंत ही या वाटेने येणारी मंडळी. त्यांवर औषधे आहेत आणि ती ठरल्या वेळी दिली तर धोका पुष्कळच उतरतो. महाराष्ट्रात यात पावसाळ्याची भर पडते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे मुंबईकरांना दर वर्षी नव्याने सांगावे लागते. त्याच पाण्यातून फिरून आलेले चार पाय पुसल्यावाचून चादरीवर येत असतील, तर मालकाने स्वतःच्या पायांना चप्पल घालण्यात काय अर्थ राहिला? तान्ही मुले, कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण, दम्याचे रुग्ण आणि फार वृद्ध माणसे यांच्या अंथरुणात कुत्रे नसावे, यावर मतभेद होण्याचे कारण दिसत नाही.

राहिला रेबीज. एका पिढीच्या मनात कुत्र्याची लाळ म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने हे समीकरण कायमचे बसले आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली, पण भीती उरली आणि ती सर्वस्वी निराधार नाही. जगात रेबीजने दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने त्यांतील जवळजवळ ३६ टक्के मृत्यू भारतातील आहेत. तथापि दर वर्षी लस टोचलेले, घरातच राहणारे कुत्रे हा त्या आकड्यातील प्रमुख आरोपी नव्हे. पलंगावरच्या कुत्र्याविषयी जी भीती वाटते, तिचे खरे स्थान पलंगाखाली नव्हे, रस्त्यावर आहे.

आणि येथेच या प्रश्नाची एक बाजू समोर येते, जिची चर्चा दिवाणखान्यात सहसा होत नाही. मुंबईच्या कोणत्याही पदपथावर मध्यरात्रीनंतर पाहिले, तर माणूस आणि कुत्रे शेजारी शेजारी निजलेले दिसतात. तेथे गादी नाही, तेव्हा गादीचा वाद नाही. पुठ्ठ्यावर निजलेल्या मुलाला कुत्र्याची ऊब मिळते, कुत्र्याला दुसऱ्या दिवशी पावाचा तुकडा मिळतो, आणि कोणी गाठोड्याला हात लावलाच तर भुंकणारा पहारेकरी जागा असतो. कुत्र्याशेजारी निजण्याची ही सर्वांत गरजवंत तऱ्हा. आणि या कुत्र्याला लस टोचणे हे मात्र त्या मुलाच्या हाती नाही, महापालिकेच्या हाती आहे. 

२०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांना निवाऱ्यांत डांबण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी व लसीकरण करून त्यांना पुन्हा मूळ जागी सोडावे, पिसाळलेल्या व आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, असे सांगितले. त्या अकरा दिवसांत वृत्तपत्रांतून व सभांतून जी गर्जना झाली, तिच्यात लशीचा शब्द फार थोड्यांनी काढला. गोव्याने तो आधीच काढला होता. तेथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्याची पद्धत बसवली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि सप्टेंबर २०१७ नंतर तोवर माणसाचा एकही बळी गेला नाही. गोव्यात पदपथावर निजणाऱ्याला त्याचा जो उपयोग झाला, तो कोणत्याही गादीच्या वादातून झाला नसता.

पुन्हा घरात येऊ. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात पाळीव कुत्र्यावर चांगलीच तोफ डागली आहे. उत्पादक उपयोग नाही, सवयी घाणेरड्या, खर्च पुष्कळ. तरी ते श्रीमंतांना प्रिय असते, कारण ते मालकापुढे लाचारी करते आणि मालकाच्या ऐपतीची जाहिरात करते, असा त्याचा रोख होता. साखळीला बांधून सकाळी मिरवल्या जाणाऱ्या महागड्या कुत्र्यांकडे पाहिले, की व्हेब्लेन द्रष्टा वाटतो. परंतु शय्येपाशी त्याचा सिद्धान्त अडखळतो. दिखाऊ उपभोगाची वस्तू दिवाणखान्यात ठेवायची असते. बंद खोलीत, अंधारात, पायांशी वेटोळे करून निजलेले कुत्रे कोणाला दाखवायचे असते? पत्नीच्या निधनानंतर दोन खोल्यांत एकटा राहिलेला निवृत्त कारकून आपल्या मोत्याला रात्री गादीवर घेतो, तेव्हा तो ऐपत दाखवीत नसून रात्र काढीत असतो. अशा माणसाला पंधरा मिनिटांच्या झोपेचा हिशेब सांगणे हे अर्थशास्त्र नव्हे. अर्थात आता शय्येची छायाचित्रेही मोबाइलवरून गावभर जातात, तेव्हा व्हेब्लेन अगदीच कालबाह्य झालेला नाही.

व्हेब्लेनने न विचारलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: चादर कोण धुते? कुत्र्याला गादीवर घेण्याचा निर्णय बहुधा मुले घेतात, क्वचित वडील घेतात. केस झटकणे, उशांचे अभ्रे बदलणे, पावसाळ्यात न वाळणाऱ्या चादरी दोरीवर हलवत राहणे, हे काम आई करते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीचे श्रम धरले जात नाहीत, हे विद्यार्थ्यांना वर्गात सांगावे लागते. कुटुंबातील प्रेमाच्या हिशेबातही ते धरले जात नाहीत, हे सांगावे लागत नाही. जेथे ती स्वतः धूत नाही, तेथे कामाला येणारी बाई धुते. तिचे धुणे ठरवताना घरातील माणसे मोजली गेली होती, चार पाय मोजले गेले नव्हते. महिनाभराने तिने पगार वाढवून मागितला, तर तीच माणसे महागाईवर भाष्य करतात. ज्याला सुख मिळते त्यानेच किंमत मोजावी, हा बाजाराचा साधा नियम आहे; हौस एकाची आणि भार दुसऱ्यावर, अशी विभागणी बाजारात फार काळ चालत नाही, घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. 

म्हणून कुत्र्याने खोलीत निजावे याला हरकत घेण्याचे कारण नसले, तरी गादीवर निजावे की नाही हे ठरवताना पहिले मत त्या गादीवरच्या दुसऱ्या माणसाचे आणि चादर धुणाऱ्या हाताचे असले पाहिजे. ते मत विचारल्यावर पुष्कळ घरांतील वाद एका रात्रीत मिटेल. कदाचित मुलाला हवा तसा मिटणार नाही. पलंगाच्या पायथ्याशी जुनी सतरंजी घालून कुत्र्याला तेथे निजवणारी घरे काही कमी नाहीत, आणि मेयो क्लिनिकच्या आकड्यांनी नेमका तोच तोडगा सरस ठरवला आहे. पहाटे दोनला ते हळूच वर चढते, हा भाग निराळा.

किंमत मोजणारा आणखी एक पक्ष आहे व त्याला बोलता येत नाही. ओसरीवर वाढलेले कुत्रे मालक गाव सोडून गेला तरी दुसऱ्याच्या अंगणात जगते. त्याला पाऊस ठाऊक असतो, दगड ठाऊक असतो, उकिरडा ठाऊक असतो. गादीवर वाढलेल्या कुत्र्याला यांतले काहीच ठाऊक नसते. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे. एवढ्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबात एक लग्न, एक बाळंतपण, एक बदली आणि भाड्याच्या घराचे दोन-तीन करार सहज होऊन जातात. बाळ यायचे ठरले, की कालपर्यंत ज्याला ‘आमचा धाकटा’ म्हटले जात होते ते गॅलरीत जाते. गॅलरीत ते रात्रभर विव्हळते, शेजारी तक्रार करतात, आणि मग कोणीतरी ‘शेतावर सोडू, मोकळे राहील’ असे म्हणतो. रात्रीचे अंथरूण ही कुत्र्याच्या दृष्टीने एका रात्रीची मेहेरबानी नसते. ज्याला दहा वर्षांनंतरही तीच जागा देता येईल याची खात्री नाही, त्याने ती पहिल्या रात्री न दिलेली अधिक दयेची. लहानपणापासून जमिनीवरच्या सतरंजीची सवय लागलेले कुत्रे बाळ आल्यावर त्याच सतरंजीवर राहते आणि त्याला काही हिरावले गेल्याचे कळतही नाही.

शहराबाहेरच्या महामार्गालगत, धाब्यांच्या आसपास, मानेवर पट्ट्याचा वण असलेली परदेशी जातीची कुत्री हल्ली दिसतात. गावठी कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाहीत. ट्रक थांबला की ती चाकाशी न जाता दाराशी जातात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, सबळ कारणावाचून पाळीव प्राणी असा सोडून देणे हा गुन्हा म्हणून नमूद झाले आणि पहिल्या खेपेस त्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला गेला. पन्नास रुपयांत आज पशुवैद्याची पायरीही चढता येत नाही. घर बदलताना मालवाहू गाडीवाल्याला जी यादी द्यावी लागते, तिच्यात पलंग, गादी, दोन कपाटे आणि धुलाईयंत्र असते. कुत्र्याचे काय करायचे, ही चर्चा बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात सुरू होते.